माणिक नावाची माणसे

१९०९ साली अमरावती जिल्ह्यातील यावली या गावी बंडोजी आणि मंजुळा यांच्या पोटी मुलगा जन्माला आला, त्याचे नाव माणिक ठेवले गेले. १९२६ साली पुण्यात दादरकरांच्या घरी मुलगी झाली, तिचे नावही माणिकच ठेवले गेले. मुलगा पुढे वरखेडच्या आडकोजी महाराजांच्या सहवासात तुकड्या झाला, हाती खंजिरी घेऊन गावोगाव फिरला आणि राष्ट्रसंत तुकडोजी महाराज म्हणून महाराष्ट्राला वंदनीय ठरला. मुलगी लग्नानंतर माणिक वर्मा झाली आणि तिचा आवाज किराणा घराण्याच्या मैफलींपासून रेडिओवरच्या भावगीतांपर्यंत घराघरांत पोहोचला. १९३७ साली नागपुरात आणखी एक माणिक जन्मला. माणिक सीताराम गोडघाटे हे त्याचे पूर्ण नाव. आपण त्याला कवी ग्रेस म्हणून ओळखतो. एकाच भाषेत, तीस वर्षांच्या आत, एकमेकांशी काहीही संबंध नसलेल्या तीन घरांनी एकच नाव निवडले, आणि ते निवडताना हे नाव मुलाचे की मुलीचे, असा प्रश्न त्यांपैकी कोणाला पडला असेल असे मला वाटत नाही.

हा प्रश्न आज मात्र आमच्या घरात पडला आहे. माझ्या धाकट्या भावाकडे येत्या काही महिन्यांत पाळणा हलणार आहे. डोहाळजेवण झाले, आता नावांची चर्चा जोरात आहे. आत्या म्हणून बारशाला बाळाच्या कानात नाव सांगण्याचा मान माझा असला, तरी नाव ठरवण्याचा अधिकार आईबापांचाच आहे, असे मी मानते. मला मत विचारले तेव्हा मी एकच नाव सुचवले: मुलगा झाला तरी माणिक, मुलगी झाली तरी माणिक. त्यावर घरातून आणि नात्यागोत्यातून जी मते आली, ती ऐकताना हे नाव आपल्या हातून कसे आणि का सुटत गेले याची बरीचशी उत्तरे मला त्यांतच सापडली. काही उत्तरे त्याआधीपासून माझ्याजवळ होती, कारण आमच्या कुटुंबात या नावाची दोन माणसे होऊन गेली, आणि त्यांपैकी एक आजही आहे.

आमचे मूळ घर सोलापूरचे. आजोबा रेल्वेत होते आणि बरीच वर्षे त्यांची नेमणूक वाडी जंक्शनला होती. त्या भागात राहताना त्यांना हुमनाबादजवळच्या माणिकनगरची ओढ लागली. तेथे माणिक प्रभूंची समाधी आहे. १८१७ साली जन्मलेले आणि १८६५ साली समाधिस्थ झालेले हे सत्पुरुष दत्ताचा अवतार मानले जातात, आणि सोलापूर, धाराशिव, लातूरपासून बिदर-कलबुर्गीपर्यंतच्या मराठी घरांत त्यांचे भक्त आहेत. आजोबांच्या चुलतभावाला मुलगा झाला तेव्हा त्याचे नाव प्रभूंवरून माणिक ठेवले गेले. काही वर्षांनी आजोबांना पहिली मुलगी झाली आणि तिचेही नाव माणिकच ठेवले गेले. घरात त्या नावाचा एक मुलगा आधीच खेळत होता. त्याची कोणाला अडचण वाटली नाही. प्रभूंचे नाव होते, ते दोघांनाही पुरणारे होते.

आजोबांनी वाडीहून घरी पाठवलेली काही पोस्टकार्डे माझ्याजवळ आहेत. पिवळट झालेल्या त्या कार्डांवर टाकाच्या शाईतली बारीक, उजवीकडे झुकणारी अक्षरे आहेत, आणि शेवटी मुलांसाठी एकेक ओळ आहे. एका ओळीत ‘चि. माणिक यास अनेक आशीर्वाद विशेष’ असे आहे आणि लगेच खालच्या ओळीत ‘चि. माणिक हिस अनेक आशीर्वाद विशेष’ असे आहे. पहिल्याला त्याने पाटीवर काढलेल्या अक्षरांची चौकशी, दुसरीला खोकला बरा झाला का, अशी विचारणा. दोन माणिकांमधला फरक सांगायला आजोबांना ‘यास’ आणि ‘हिस’ एवढे दोन शब्द पुरले. मराठीत क्रियापद बोलते, सर्वनाम बोलते, विशेषण बोलते. माणसाबद्दल एक वाक्य उच्चारले की ते माणूस पुरुष आहे की स्त्री हे आपोआप कळते. एवढे सगळे सांगणाऱ्या भाषेत नावानेही तेच पुन्हा सांगितले पाहिजे, असा हट्ट का असावा, हे मला कधीच पटलेले नाही.

मी माध्यमिक शाळेत शिकवते. २०२३ च्या अखेरीस कुणबी नोंदींचा शोध राज्यभर सुरू झाला, तेव्हा आमच्या शाळेतही जुनी जनरल रजिस्टरे बाहेर काढावी लागली आणि ती पाने चाळण्याचे काम आम्हा शिक्षकांकडे आले. कापडी बांधणीची, कडा कुरतडलेली ती रजिस्टरे पाहताना मला हव्या असलेल्या नोंदींबरोबर माणिकही भेटत राहिला, आणि माणिकही भेटत राहिली. स्वातंत्र्याच्या आगेमागे दाखल झालेल्या मुलांत हे नाव सर्रास दिसते. नावाआधी ‘कु.’ आहे की नाही, एवढ्यावरूनच मुलगी की मुलगा ते कळते. आडनावांवरून पाहिले तर शेतकऱ्यांची, साळ्यांची, कोष्ट्यांची, जैन व्यापाऱ्यांची, कारकुनांची, सगळ्यांची मुले त्यांत आहेत. साठच्या दशकानंतर मुलींच्या नोंदींत हे नाव विरळ होत जाते. मुलांमध्ये ते आणखी काही वर्षे टिकते, पण बहुतेक गावाकडून आलेल्या मुलांमध्ये. ऐंशीच्या दशकातल्या पानांवर अमोल, सचिन, राहुल, सोनाली, वैशाली यांची गर्दी झालेली आहे आणि माणिक जवळपास दिसेनासा झाला आहे. आज मी ज्या वर्गांना शिकवते, त्यांच्या हजेरीपटावर तो नाही.

माणिक हे मराठीत ‘ते’ आहे. ते माणिक, ती माणके. बाळही ‘ते’च आहे, बारशापर्यंत आपण त्याला बाळ म्हणतो, ते रडते, ते हसते. कदाचित म्हणूनच हे नाव दोन्हीकडे सहज बसले असावे. नाव ठेवणाऱ्या आजीच्या मनात काय होते ते आपल्याला कळणार नाही, पण मौल्यवान वस्तू म्हणून लेकराकडे पाहण्याची ती रीत मात्र जुनी आहे आणि मला ती फार आवडते. खनिज म्हणून माणिक म्हणजे कुरुंद, त्यात क्रोमियमचा अंश मिसळला की त्याला लाल रंग येतो. त्याच कुरुंदाचा निळा प्रकार म्हणजे नीलम. एकाच दगडाची ही दोन रूपे असूनही मराठीत नीलम मुलीची झाली आणि माणिक दोघांचे राहिले.

मराठीत अशी नावे काही थोडीथोडकी नव्हती. सुहास जोशी या अभिनेत्री, तर सुहास पळशीकर हे राज्यशास्त्राचे अभ्यासक. दया डोंगरे या अभिनेत्री, तर दया पवार हे कवी. आचार्य अत्र्यांच्या कन्या आणि कवयित्री शिरीष पै, तर शिरीष कणेकर हे क्रीडा आणि चित्रपटांवर लिहिणारे लेखक. कोल्हापूर-सांगलीकडच्या जैन समाजात दहावे तीर्थंकर शीतलनाथ यांच्यामुळे शीतल हे पुरुषांचे नाव आहे, आणि बाकी महाराष्ट्रात शीतल म्हटले की मुलगीच डोळ्यांसमोर येते. किरण तर अजूनही दोन्हीकडे आहे, आणि किरण नावाच्या पुरुष-स्त्रिया प्रत्येकाच्या ओळखीत असतात. पण यांतली बहुतेक नावे पुढे कोणत्या तरी एका बाजूला कलली. शिरीष पुरुषांकडे गेले, इतके की शिरीष पै या बाई होत्या हे माझ्या तरुण सहकाऱ्यांना सांगावे लागते. सुहासही बहुतांश पुरुषांचेच झाले. इंग्रजीत अॅशली आणि लेस्ली ही एके काळची पुरुषांची नावे मुलींकडे गेली आणि मग मुलग्यांना ती ठेवणे बंद होत गेले, असे घडले आहे. आपल्याकडे प्रवाह नेहमी त्या दिशेने वाहिला नाही. माणिकची गोष्ट या दोन्हींपेक्षा वेगळी आहे. ते कोणत्याच बाजूला कलले नाही, ते दोन्हीकडून निघून गेले.

मुलींकडून ते आधी का गेले, याचे एक उत्तर मला माझ्या माणिकआत्याकडून मिळाले. ती आता ऐंशीच्या पुढे आहे आणि लातूरला मुलाकडे असते. बाळाच्या नावाचे तिला फोनवर सांगितले तेव्हा ती थोडा वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, “अगं, मला त्या नावानं हाक मारणारं आता कोण राहिलंय?” लग्नाच्या दिवशी तिचे नाव बदलले गेले. ताम्हणात तांदूळ पसरून, सोन्याच्या अंगठीने नवरदेवाने त्यात नवे नाव लिहिले, तशी आपल्याकडची पद्धतच होती. तिच्या बाबतीत कारणही सांगितले गेले: सासरी धाकट्या दिराचे नाव माणिक होते, आणि एका घरात दोन माणिक कशाला? माहेरी जी गोष्ट अडचण ठरली नव्हती, ती सासरी ठरली, आणि दोघांपैकी कोणाचे नाव बदलायचे हा विचारही करावा लागला नाही. ती मंगला झाली. तिच्या शाळेच्या दाखल्यावर माणिक आहे, शिधापत्रिकेवर मंगला आहे. ती स्वतः शिक्षिका होती; निवृत्तिवेतनाच्या वेळी ही दोन नावे एकाच बाईची आहेत हे सिद्ध करायला तिला प्रतिज्ञापत्र करावे लागले. ते सांगताना तिच्या आवाजात राग नव्हता, पण शेवटी ती जे बोलली ते मी लिहून ठेवले आहे. “दिराला सगळे माणिकराव म्हणायचे. ते म्हणताना मला दर वेळी वाटायचं, कुणीतरी मलाच बोलावतंय.”

माणिक नावाच्या अशा किती मुली लग्नानंतर मंगला, मालती, मंदाकिनी झाल्या असतील याचा हिशेब कोठेच नाही. नाव दोघांत वाटून घेण्यासारखे असेल तर ते सोडण्याची पाळी बाईवर येणार, हे त्या काळात गृहीतच होते. माणिक वर्मांचे आडनाव बदलले पण नाव राहिले. जयपूर-अत्रौली घराण्याच्या गायिका, किशोरी आमोणकरांच्या शिष्या आणि अश्विनी भिडे-देशपांडे यांच्या आई व गुरू माणिक भिडे यांनीही ते नाव आयुष्यभर, २०२३ साली त्यांचे निधन होईपर्यंत, अभिमानाने वागवले. गाणाऱ्या बायकांची नावे कार्यक्रमपत्रिकेवर छापली जात होती, तबकडीवर उमटत होती. ज्यांचे नाव रेशन दुकानापलीकडे कोठे लिहिले जाणार नव्हते, त्यांच्या नावाची काळजी कोणी करायची?

पुरुषांकडे नाव अधिक काळ टिकले ते ‘राव’च्या आधाराने. पूर्वी नुसते नाव क्वचितच चारचौघांत वावरत असे. माणिकराव, माणिकबाई, माणिकताई, माणिकचंद, असे काही तरी त्याला जोडलेले असायचे आणि ते जोडलेले शब्दच बाकीची माहिती देत. राजकारणात माणिकराव अजून दिसतात. नंदुरबारचे माणिकराव गावित तर नऊ वेळा लोकसभेवर निवडून गेले. परंतु शहरांतून ‘राव’ आणि ‘बाई’ गळून पडले, त्यांच्या जागी रकान्यातली नुसती नावे आली, आणि ज्या नावांना आपण कोण आहोत हे स्वतःच सांगता येत होते ती पुढे गेली. त्याच सुमारास रत्नांची नावे एकंदरीतच जुनी वाटू लागली. हिरा गेले, मोती कुत्र्याला ठेवले जाऊ लागले, पोवळा तर कोणाला आठवतही नाही. मधल्या पिढीला नाव संस्कृत वळणाचे, मृदू आणि शक्यतो शेजारच्या घरात नसलेले हवे होते. माणिक आजोबांचे होते, आजीचे होते, गावाचे होते, आणि त्या पिढीला नेमके तेच मागे टाकायचे होते.

आता आमच्या घरातल्या मतांकडे येते. माझ्या आईचे म्हणणे असे की नाव छान आहे, पण नव्वदच्या दशकात ज्यांनी पानटपऱ्यांवर लटकणाऱ्या ‘माणिकचंद’च्या पुड्यांच्या माळा पाहिल्या, त्यांना हे नाव ऐकून आधी गुटखा आठवेल. आक्षेप खोटा नाही. एका उत्पादनाने एका चांगल्या नावावर आपला वास चढवला, हे मीही पाहिले आहे. पण महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, आणि जे मूल आज जन्माला येणार आहे त्याच्या वर्गातल्या मुलांना ती आठवण असण्याचे कारण नाही. ती आमच्या पिढीची आठवण आहे, आमच्याबरोबर जाईल.

भावाचा आक्षेप इंग्रजीचा आहे. त्याचे सगळे काम परदेशी कंपन्यांशी चालते. रोमन लिपीत लिहिलेले हे नाव तिकडची माणसे ‘मॅनिक’ असे वाचतील आणि इंग्रजीत त्याचा अर्थ उन्मादाने पछाडलेला असा होतो, हे त्याला खुपते. मूल मोठे होऊन त्या देशांत शिकायला गेले तर पहिल्याच दिवशी त्याला आपले नाव समजावून सांगावे लागेल. या आक्षेपाला माझ्याजवळ पूर्ण उत्तर नाही, आणि तो हसण्यावारी नेण्यासारखाही नाही. मी त्याला एवढेच म्हटले की आपल्या नावांतला ‘ळ’, ‘ण’ आणि ‘ज्ञ’ तिकडे कोणाला म्हणता येत नाही, तरी ज्ञानेश्वर, मृणाल आणि बाळकृष्ण तिकडे गेले आणि लोकांना म्हणायला शिकवून राहिले.

भावजयीच्या आईचे म्हणणे सगळ्यांत नेमके होते. “मुलगी झाली आणि तिला माणिक म्हटलं, तर जन्मभर तिला फॉर्म दुरुस्त करत बसावं लागेल.” हे खरे आहे. माझ्या एका सहकारी शिक्षिकेचे नाव किरण आहे, आणि निवडणुकीच्या कामाचे आदेश आले की त्यांच्या नावामागे हमखास ‘श्री.’ असते, मग महिला कर्मचाऱ्यांच्या यादीत नाव घालून घेण्यासाठी त्यांना खेटे घालावे लागतात. अशी दगदग मुलीच्या वाट्याला आणू नये, असे एखाद्या आजीला वाटले तर त्यात काहीही वावगे नाही. तरीही मला विचारावेसे वाटते की चूक फॉर्मची असताना शिक्षा नावाला का द्यायची? त्या फॉर्मवर लिंगाचा रकाना स्वतंत्र असतोच. तो वाचायचे सोडून नावावरून अंदाज बांधायची सवय ज्यांना लागली आहे, त्यांच्या सोयीसाठी आपण बाळाची नावे निवडू लागलो, तर अर्धी यादी आधीच रद्द होते.

माझ्या मनात या नावाबद्दल जी ओढ आहे, तिचे खरे कारण मात्र सोयीगैरसोयीच्या पलीकडचे आहे. भावजयीने फोनमध्ये नावांची यादी केली आहे. तिचे दोन रकाने आहेत, एक मुलाचा आणि एक मुलीचा, कारण आपल्या देशात जन्माआधी बाळाचे लिंग कळत नाही, आणि ते कळू नये यासाठी कायदा करावा लागला आहे. देशाचा कायदा १९९४ चा. त्याच्याही आधी, १९८८ साली, असा कायदा करणारे महाराष्ट्र हे पहिले राज्य होते. हे आपण अभिमानाने सांगतो, पण तो कायदा पहिल्यांदा आपल्याकडेच का लागला, याचा विचार करताना मान खाली जाते. कायदा होऊनही २००१ च्या जनगणनेत सहा वर्षांखालील दर हजार मुलांमागे आपल्याकडे ९१३ मुली होत्या आणि २०११ साली त्या ८९४ झाल्या.

त्याच २०११ साली सातारा जिल्ह्यात एक समारंभ झाला. ज्यांचे नाव ‘नकुसा’ असे ठेवले गेले होते, म्हणजे नकोशी, अशा २८५ मुलींना त्या दिवशी नवी नावे देण्यात आली. आपल्याकडे वाईट नावे मुलग्यांनाही ठेवली जात. मुले जगत नसली की झालेल्या मुलाला दगडू, धोंडू, केरू म्हणायचे, म्हणजे त्याच्यावर कोणाची दृष्ट पडणार नाही आणि काळ त्याला दगड समजून सोडून देईल. त्या नावामागे जिवाच्या आकांताने केलेले रक्षण होते. नकुसामागे मात्र पुढचा मुलगा व्हावा म्हणून आधीच्या मुलीला दाखवलेले दार होते. मी शाळेत असताना आमच्या वर्गात एक नकुशी होती. हजेरीच्या वेळी बाई तिचे नाव घेत तेव्हा ती ‘हजर’ म्हणण्याऐवजी नुसता हात वर करायची. बाईंच्या ते लक्षात आले असावे, कारण वर्षाच्या मध्यावर केव्हातरी त्यांनी हजेरी घेताना तिच्या ओळीवर थांबून, तिच्याकडे नुसते पाहून खूण करायला सुरुवात केली. नाव उच्चारायचेच नाही, एवढाच उपाय त्यांच्या हातात होता.

ज्या समाजाने आपल्या लेकींना ही नावे दिली, त्याच समाजाने, त्याच गावांत, कधी कधी त्याच घरांत, मुलगा असो की मुलगी, बाळाला माणिक म्हटले. बाळ हाती येण्यापूर्वी ज्याची किंमत ठरलेली आहे, आणि हाती आल्यावर ते काय आहे हे पाहून ती बदलत नाही, असे हे नाव आहे. भावजयीच्या यादीत ते मुलाच्या रकान्यातही लिहिता येते आणि मुलीच्याही. मुलगा झाला तर अमुक आणि मुलगी झाली तर तमुक, अशी वाट न पाहता सातव्या महिन्यातच पोटातल्या जिवाला नावाने हाक मारता येते. मला यापेक्षा मोठे कारण सापडत नाही, आणि हे कारण मी भावाला, भावजयीला आणि तिच्या आईला तिघांनाही समोर बसवून सांगितले आहे.

आजच्या तरुण आईबापांना दोघांनाही चालणारी नावे नको आहेत असे नाही. उलट ती हवी आहेत. माझ्या विद्यार्थ्यांच्या धाकट्या भावंडांची नावे ऐकते तेव्हा त्यांत दोन-तीन अक्षरांची, मऊ, कोणत्याही भाषेत बसतील अशी पुष्कळ नावे असतात, आणि त्यांतली काही ऐकून मुलगा की मुलगी ते सांगता येत नाही. काही वेळा तर ही संदिग्धता रोमन लिपीने तयार केलेली असते: देवनागरीत ‘आर्य’ आणि ‘आर्या’ वेगळे असतात, पण शाळेच्या संगणकात ते एकसारखेच उमटतात. या नव्या नावांबद्दल माझी तक्रार नाही. आईबाप प्रेमानेच ठेवतात, आणि प्रत्येक पिढीला आपल्या कानाला गोड लागणारे नाव ठेवण्याचा हक्क आहे. मात्र दोघांना चालेल असे नाव शोधत नावांच्या संकेतस्थळांवर रात्री घालवणाऱ्या या पिढीला असे नाव आपल्या पणजीच्या शाळेच्या दाखल्यावर लिहिलेले आहे हे कोणीतरी सांगायला हवे.

हे नाव आपल्याबाहेर अजून ताठ उभे आहे, हेही मी भावाला दाखवले. त्रिपुराच्या राजांची पदवीच ‘माणिक्य’ होती, आणि त्या राज्यात १९९८ ते २०१८ अशी वीस वर्षे माणिक सरकार मुख्यमंत्री होते. २०२२ पासून तेथे माणिक साहा मुख्यमंत्री आहेत. सत्यजित राय यांना घरचे लोक आणि जवळची माणसे माणिक याच नावाने हाक मारत. तमिळमध्ये माणिक्कम आहे. पण बंगालीत आणि तमिळमध्ये ते पुरुषांचे नाव आहे. ते मुलीलाही तितक्याच सहजपणे देण्याची रीत आपल्याकडे होती, आणि ती आपल्याच पोस्टकार्डांवर, आपल्याच रजिस्टरांत शिल्लक आहे. ग्रेस यांनी तर माणिक हे नाव बाजूला ठेवून अभिनेत्री इन्ग्रिड बर्गमनवरच्या प्रेमापोटी जे टोपणनाव घेतले, तेही इंग्रजीत बाईचेच नाव आहे, आणि त्या नावाने लिहिलेल्या कवितेचे पौरुष किंवा स्त्रीत्व मोजायला कोणी बसले नाही.

आईला पत्रिकेचे महत्त्व वाटते, म्हणून तिच्यासाठी पंचांगही उघडून पाहिले. नक्षत्राच्या कोष्टकात ‘मा’ हे मघा नक्षत्राच्या पहिल्या चरणाचे अक्षर आहे. मघा म्हणजे सिंह रास, सिंहेचा स्वामी रवी, आणि नवरत्नांमध्ये रवीचे रत्न माणिक. आद्याक्षरापासून अर्थापर्यंत इतके जुळून आलेले दुसरे नाव त्या कोष्टकात मला दिसले नाही. आईला हे फार आवडले. अर्थात बाळ मघा नक्षत्रावरच जन्माला येईल असे कोणी सांगू शकत नाही, आणि दुसरे अक्षर निघाले तर पत्रिकेतले नाव वेगळे आणि व्यवहारातले वेगळे, ही आपल्याकडची जुनीच रीत आहे.

घाई करायचेही कारण नाही. जन्माची नोंद २१ दिवसांत व्हावी लागते, पण ती नावाशिवायही होते आणि पुढे बारा महिन्यांपर्यंत नाव विनाशुल्क घालता येते. २०२४ साली सरकारने घेतलेल्या निर्णयानुसार त्या नावानंतर आधी आईचे नाव येईल, मग वडिलांचे, मग आडनाव. मुलगी झाली, तर तिचे नाव सासरच्या तांदळात पुसले जाण्याचा काळही आता बराचसा मागे पडला आहे. माझ्या भावजयीने स्वतःचे नाव आणि आडनाव दोन्ही ठेवले आहे. हे ऐकून माणिकआत्या खूश झाली. तिला मी नातवाच्या किंवा नातीच्या बारशाला आणणार आहे, नाव कोणतेही ठरो.

भाऊ आणि भावजय यांनी अजून होकार दिलेला नाही. भावजयीच्या आईने आपले मत बदललेले नाही आणि त्यांनी ते बदलावे म्हणून मी पुन्हा विषय काढणार नाही. मात्र गेल्या रविवारी जेवणे आटोपल्यावर भावजय माझ्याजवळ येऊन बसली आणि तिने विचारले, “ताई, ठेवलंच समजा, तर इंग्रजीत लिहिताना ‘एम’नंतर एक ‘ए’ घालायचा की दोन?” दोन घातले तर ‘मॅनिक’ वाचले जाण्याची भीती बरीच कमी होते, असे मी तिला सांगितले, आणि आम्ही दोघींनी ते तिच्या फोनवर दोन्ही प्रकारे लिहून पाहिले.